नात्याचा रकाना

डॉक्टरीण भूल देण्यात इतकी तरबेज होती की ऑपरेशनची तारीख ठरवायला आलेले आईबाप सर्जनच्या आधी तिची चौकशी करायचे. "त्या भूलवाल्या मॅडम असतील ना त्या दिवशी?" मुठीएवढ्या बाळाला किती भूल द्यायची, कुठे हात आखडायचा आणि ते पुन्हा डोळे उघडेपर्यंत त्याच्या श्वासावर कशी नजर ठेवायची, हे तिच्याइतकं पक्कं जाणणारी माणसं फार नव्हती. परदेशातल्या एका मोठ्या बालरुग्णालयाला हे कुठूनसं कळलं आणि त्यांनी तिला आपणहून बोलावलं. तिकडच्या सरकारने अशा माणसांसाठी वेगळी खिडकीच उघडली होती. राहायचा परवाना, नवऱ्याला कामाची मुभा, मुलांना शाळा, सगळं एका अर्जात. अर्जावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'अतिकुशल व्यावसायिक'.

हा शब्द घरात आला आणि घराला खेळणं मिळालं. चहात साखर कमी पडली की नवरा म्हणायचा, "अतिकुशल हातचा आहे, बोलायचं काम नाही." त्यावर जाऊ स्वयंपाकघरातून ओरडायची, "तिला कशाला बोलता भावोजी? चहा मी केलाय. अकुशल कामगाराने!" सगळे हसायचे. टिकलीला काही कळायचं नाही, पण ती सगळ्यांत मोठ्याने हसायची.

टिकली म्हणजे डॉक्टरणीची मुलगी, नुकतीच शाळेत जायला लागलेली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिकली. आणि जाऊ म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको. थोरले दीर टिकलीच्या जन्माआधीच गेले. जावेचे दोन्ही मुलगे आता मोठे होऊन बाहेरगावी हॉस्टेलवर राहत होते. घरात उरलेली चौघं एका ताटात जेवल्यासारखी राहायची.

बाळंतपणाची रजा संपली तशी डॉक्टरीण कामावर रुजू झाली. लहान मुलांच्या ऑपरेशनला वेळकाळ नसतो. फोन आला की पायात चप्पल अडकवायची आणि निघायचं. टिकलीचं न्हाणंधुणं, खाणंपिणं, रडणं, तापणं, सगळं जावेच्या अंगावर पडलं आणि तिने ते आनंदाने घेतलं. तिचे मुलगे तेव्हा घरातच होते. ते जावेला आई म्हणायचे, डॉक्टरणीला काकू आणि तिच्या नवऱ्याला काका. टिकलीला वाचा फुटली आणि तिने दादांचंच उचललं. जाऊ आई, डॉक्टरीण काकू, जन्मदाता बाप काका. अशी घरं आपल्याकडे काही कमी नाहीत. बापाला भाऊ आणि आईला वहिनी म्हणत माणसं म्हातारी झाली, पण त्यावरून कुणाचं घोडं अडलं नाही.

सुरुवातीला जाऊच शिकवायची. "अगं वेडे, मी नाही, ती आई." टिकली खदखदून हसायची आणि जावेच्याच गळ्यात पडायची. 'मोठी झाली की कळेल,' म्हणून सगळ्यांनी विषय सोडून दिला. पुढे कळलंही. आपण काकूच्या पोटातून आलो हे टिकलीला ठाऊक होतं. शाळेत ऐटीत सांगायचीसुद्धा. पण पोट काकूचं आणि आई ती आई, यात तिला काही वावगं दिसत नव्हतं.

डॉक्टरणीला मात्र ते लागायचं. कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण कुठल्या तोंडाने दाखवणार? पण भुलेतून बाहेर येणारं माणूस पहिली हाक कुणाला मारतं हे तिला रोज ऐकायला मिळायचं. पोर असो की नातवंडं झालेला म्हातारा, डोळे उघडायच्या आधी ओठ हलायचे, "आई गं." दिवसातून दहा वेळा तो शब्द तिच्या कानाजवळ उच्चारला जायचा आणि त्यातला एकही तिच्यासाठी नसायचा. परदेशात जायचं ठरलं तेव्हा पगार, अनुभव, मुलीचं शिक्षण अशी सगळी कारणं तिने सांगितली. एक सांगितलं नाही. तिकडे घरात आपण तिघंच असू. मग टिकली कुणाला आई म्हणेल?

जावेला नेता येत नव्हतं. नियमात नवरा-बायको आणि त्यांची मुलं, एवढंच कुटुंब बसायचं. डॉक्टरणीने दोनदा चौकशी केली, खरी केली, तिला तसा दोष द्यायला नको. "माझं काय," जाऊ म्हणाली, "पोरं सुट्टीला येतील की." आणि भांडी घासायला वळली. ती त्या दिवशी जरा जास्तच वेळ घासत होती.

कागदपत्रांत कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. पदव्या, अनुभवाचे दाखले, तिकडच्या भाषेची परीक्षा, सगळं चोख. टिकलीचा अर्ज तर हातचा मळ. नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं, जन्मदाखला जोडला, झालं. पोरीच्या तोंडातही एक कागद असतो आणि तो तपासायचा राहिलाय, हे एवढ्या शिकल्यासवरल्या घरात कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मुलाखत घेणारे साहेब सज्जन दिसत होते. डॉक्टरणीशी ते त्यांच्याच भाषेत बोलले, तिच्या कामाचं कौतुक केलं, 'आमच्याकडे अशा माणसांची फार गरज आहे' असंही म्हणाले. मग टिकलीकडे वळले. मुलांशी बोलायला तिथे एक दुभाषी बाई होत्या, आपल्याच भाषेच्या. टिकली खुर्चीत पाय हलवत बसली होती.

"या कोण?" साहेबांनी डॉक्टरणीकडे हात केला आणि बाईंनी विचारलं.

"काकू."

"आणि हे?"

"काका."

बाईंनी शब्दाला शब्द ठेवला. साहेबांचं पेन थांबलं.

"मग तुझी आई कुठे आहे?"

"घरी. स्वयंपाक करतेय."

"ती येणार आहे तुझ्याबरोबर?"

"नाही. तिला घेत नाहीत."

"तुला जायचंय?"

टिकलीने पाय हलवायचे थांबवले. "आई म्हणाली, जावं लागतं," ती म्हणाली.

नेमका त्याच वेळी नवरा हसला. त्याला बिचाऱ्याला ते गमतीचंच वाटलं होतं. पण त्या खोलीत ते हसू फार वाईट दिसलं. डॉक्टरीण घाईघाईने सांगायला लागली आणि घाईत तिकडची भाषा तिला दगा देऊ लागली. जीभ अडखळायला लागली तशी ती खरंच लबाड वाटू लागली. दुभाषी बाई मदतीला धावल्या. "साहेब, आमच्याकडे एकत्र कुटुंबात मुलं—"

"भाषांतर करा," साहेब शांतपणे म्हणाले. "खुलासा नको."

माशी शिंकायची ती तिथे शिंकली. सगळा अर्ज अडवला गेला. साहेबांनी स्पष्ट सांगितलं. मूल दुसऱ्या बाईचं असेल आणि आपलं म्हणून नेत असाल तर तो गुन्हा आहे. मग मुलीचाच नाही, डॉक्टर म्हणून तुमचाही परवाना कायमचा गेला. जन्मदाखले पैसे टाकले की मिळतात, ते आम्हाला सांगू नका. आईची आणि मुलीची डीएनए तपासणी करा. त्यानंतर मुलीला पुन्हा घेऊन या, या वेळी ती एकटी आत येईल. मूल कुणाबरोबर चाललंय हे त्याला स्वतःला कळायला हवं, असा आमचा कायदा आहे.

डॉक्टरणीच्या पायाखालची जमीन सरकली. आणि घरी आल्यावर जो राग साहेबांवर काढता आला नव्हता तो जावेवर निघाला.

"ताई, तुम्ही मनावर घेतलं असतं तर ती केव्हाच आई म्हणाली असती मला."

जाऊ टिकलीच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.

"नाही घेतलं मनावर," ती म्हणाली. "खरं आहे तुझं. आधी शिकवायचे, मग सोडून दिलं. वाटायचं, म्हणतेय तर म्हणू दे. गोड वाटायचं गं मला."

डॉक्टरीण भांडायची तयारी करून आली होती आणि समोरच्याने हत्यारच खाली ठेवलं. ती खोलीत जाऊन दार लावून रडली. रागाने, लाजेने आणि बरीचशी मत्सराने.

तपासणीत दोघींच्या गालांच्या आतून कापसाचा बोळा फिरवला. टिकलीला गुदगुल्या झाल्या. "हे कशासाठी काकू?" तिने विचारलं. नमुना घेणारी मुलगी चमकून वर बघायला लागली. निकाल आला. डॉक्टरीणच आई होती. इतकी वर्षं अंगावर वागवलेली गोष्ट दुसऱ्याने शिक्का मारून हातात दिली, आणि वेडेपणा असा की ती वाचून डॉक्टरणीला खरोखरच सुटल्यासारखं वाटलं. पण साहेबांपुढे तपासणीचा अहवाल बोलणार नव्हता. बोलणार होती टिकली.

"माझंच ऐकेल ती," जाऊ म्हणाली. "मी शिकवते."

'बाबा' शिकायला टिकलीला एक दिवस पुरला. तो शब्द घरात कधीचा रिकामाच पडला होता. तिने तो उचलला आणि काकाला चिकटवला. नवरा खूश, टिकलीही खूश. 'आई'ची जागा मात्र रिकामी नव्हती.

जावेने तिला मांडीवर घेऊन समजावलं. टिकलीने सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाली, "बरं आई." समजावून भागेना तेव्हा जावेने मनाचा दगड केला. आई म्हणून हाक मारली तर ती ओ देईना. टिकली आधी हसली. मग चिडली. मग हाका मारमारून रडकुंडीला आली. जाऊ भाजी चिरत राहायची, नाहीतर वर्तमानपत्रात डोकं घालून बसायची, उलटं धरलेलं असलं तरी.

एका रविवारी टिकली न्हाणीघरात होती आणि डोळ्यांत साबण गेला. "आई! आई गं! डोळे!" जाऊ दाराबाहेरच उभी होती, हातात टॉवेल. ती हलली नाही. "आई, चुरचुरतंय! आई!" जावेने टॉवेलाचं टोक दातांत धरलं होतं. डॉक्टरणीला राहवेना. ती धावत आत गेली, "आले गं, मी आहे ना," म्हणत पाण्याचा तांब्या उचलला. टिकलीने मिटल्या डोळ्यांनीच तिचा हात ढकलला.

"तू नको!"

आणि मग, बराच वेळ हुंदके देऊन झाल्यावर, बारीक आवाजात तिने हाक मारली, "काकू... अगं काकू."

डॉक्टरीण म्हणाली, "हो बाळा." पण ती हाक तिला नव्हती. बाहेरून जाऊ आत आली, तिने टिकलीचे डोळे धुतले, तिला टॉवेलात गुंडाळून उचललं आणि कुणाकडेही न बघता निघून गेली. जिंकली होती ती. असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

त्यानंतर टिकलीने काही दिवस कुणालाच हाक मारली नाही. काही हवं असलं की येऊन हात ओढायची. शाळेतून आल्यावर पूर्वी दारातूनच सुरू व्हायची, ते बंद झालं. नवरा एकदा म्हणाला, "आपण हे जरा जास्तच करतोय का?" डॉक्टरीण म्हणाली, "दुसरा मार्ग सांग." तिकडच्या रुग्णालयाचे फोन येत होते आणि ते फार काळ थांबणार नव्हते.

मग एका सकाळी टिकली कंगवा घेऊन डॉक्टरणीसमोर उभी राहिली. "आई, माझी वेणी घाल," ती म्हणाली. पाढा म्हणून झाल्यावर पोरं बाईंकडे बघतात तसं तिने लगेच जावेकडे बघितलं. बरोबर आलं का? जावेने मान हलवली. डॉक्टरणीला ते सगळं दिसलं. तरीही तिने आनंदाने कंगवा घेतला. वेणी वाकडी झाली. ती टिकलीने शाळेत जाताना गुपचूप जावेकडून पुन्हा घालून घेतली.

दुसऱ्या मुलाखतीला टिकली एकटी आत गेली. काचेच्या दाराआडून आवाज येत नव्हता, नुसती तिची पाठ आणि हलत नसलेले पाय दिसत होते. डॉक्टरणीचा जीव टांगणीला लागला. एकदा टिकलीने वळून बाहेर बोट दाखवलं. नवऱ्याकडे, मग तिच्याकडे. साहेबांनी एक फोटो पुढे केला, अर्जाबरोबर दिलेला, घरातलाच, चौघांचा. टिकलीने त्यावर बोट ठेवलं, काहीतरी म्हणाली आणि मान खाली घातली.

थोड्या वेळाने दुभाषी बाई तिला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. त्यांचा चेहरा खुलला होता.

"शहाणी आहे हो तुमची मुलगी. अजिबात अडखळली नाही. आई कोण, बाबा कोण, फोटोतल्या बाई कोण, सगळं चटाचटा सांगितलं." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "मागच्या वेळेस मला फार वाईट वाटलं. पण आता निश्चिंत राहा. मंजूर झालंय. यापुढे कुणी काही विचारणार नाही. विमानतळावर नुसता शिक्का मारतात."

नवरा पासपोर्ट घ्यायला खिडकीशी थांबला. डॉक्टरीण टिकलीला घेऊन जिना उतरू लागली. तिला हलकं हलकं वाटत होतं. आता हिला काय घेऊन द्यावं, कुठे न्यावं, असं मनात चाललं होतं. मधल्या वळणावर टिकली थांबली.

"झालं ना सगळं?"

"झालं की. मस्त बोललीस तू."

"मग आता आईला आई म्हणू?"

किती दिवसांनी पोरीच्या चेहऱ्यावर जरा धुगधुगी दिसत होती. एक 'हो' म्हणायचं होतं. त्याला खर्च नव्हता, धोका नव्हता, मंजुरी हातात पडली होती. निघेपर्यंतचे दिवस पोर तिच्या आईला आई म्हणाली असती, एवढंच. सुई टोचताना 'काही होत नाही हं' असं खोटं ती आजवर एकाही मुलाशी बोललेली नव्हती. ती या गोष्टीचा टेंभाही मिरवायची.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही. विमानतळावर विचारतात."

"मग त्याच्यानंतर?"

"तिकडे पोचल्यावर बघू."

टिकलीने थोडा विचार केला. तिकडे पोचल्यावर आई नसणार, हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने पुढे काहीच विचारलं नाही. जिन्याचा कठडा धरून ती एकेक पायरी उतरायला लागली. डॉक्टरीण मागून उतरत होती आणि तिला स्वतःची किळस येत होती. अजूनही हाक मारून सांगता आलं असतं. ती खालच्या मजल्यापर्यंत आली, रस्त्यावर आली, रिक्षात बसली, तरी सांगता आलं असतं.

जाऊ दार उघडं टाकून उंबऱ्यातच उभी होती. डॉक्टरणीच्या चेहऱ्यावरून तिने ओळखलं.

"झालं?"

"झालं ताई. मंजूर झालं."

जावेने डोळे मिटले, उघडले. मग ती खाली बसली आणि तिने दोन्ही हात पसरले. कितीतरी दिवस आवरून धरलेलं सगळं तिच्या तोंडावर आलं होतं. "ये गं माझी बाय. ये. सुटलीस."

टिकली जागची हलली नाही. तिने एकदा मागे डॉक्टरणीकडे बघितलं. मग शिकवल्याप्रमाणे नीट उभी राहून म्हणाली, "काकू, पाणी दे."

जावेचे हात तसेच राहिले. तिने वर पाहिलं. "अजून?"

आता तर टिकली दोघींच्या मधे उभी होती आणि उत्तर ऐकत होती.

"हो ताई," डॉक्टरीण म्हणाली. "विमानतळावरही विचारतात म्हणे. पोचेपर्यंत नको म्हणालेत."

जाऊ अकुशल असेल, पण इतकी वर्षं एका घरात काढलेल्या माणसाचं खोटं तिला कळत नसेल असं नाही. ती वाद घालणार नव्हती. वाद जिंकूनही पोर जायचीच होती. गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"म्हणालेत तर म्हणालेत," ती म्हणाली आणि आत गेली. दोन पेले भरून आणले. एक टिकलीच्या हातात दिला. ती घटाघटा पाणी प्यायली. मग दुसरा दिला.

"हा आईला दे."

टिकलीने तो दोन्ही हातांनी धरला आणि सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत ती डॉक्टरणीपर्यंत आली.

"आई, पाणी."

डॉक्टरणीने पेला घेतला. जाऊ बघत होती, म्हणून तिला ते पाणी सगळं प्यावं लागलं.